रविवारच्या बाजारातलं माहेर

रविवार उजाडला की कोकिळेचे पाय जमिनीवर ठरत नसत. शनिवारी झोपतानाच पांढरं लुगडं घडी करून उशाखाली गेलेलं असे, सकाळच्या भाकरीचं पीठ दोन माणसांपुरतं जास्तच मळलं जाई आणि मास्तरांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मात्र हमखास विसरलेलं असे. उत्तमराव मास्तर सदऱ्याची फट हाताने धरून म्हणत, "आज उपासना आहे, का तुझं लग्न?"

"आज रविवार आहे," ती म्हणे. एवढ्यात तिचं सगळं उत्तर आलं.

बुलढाण्यात रविवारी दोन गोष्टी एकदमच सुरू होत. चर्चची घंटा वाजे, आणि चर्चच्या फाटकाबाहेर आठवड्याचा बाजार भरायला लागे. जुनी माणसं सांगत, चर्च बांधलं तेव्हा भोवती नुसती हिवरं आणि बाभळी होत्या. अंधार पडला की पाळकसाहेब कंदील घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत. पुढे कचेऱ्या वाढल्या. कचेऱ्यांमागून वकील आले, वकिलांमागून चहाची दुकानं आली. मलकापूरच्या स्टेशनावरून माणसं आणणाऱ्या मोटारी घाट चढून इथे थांबायला लागल्या. खालच्या अंगाला भरणारा बाजार वर सरकत सरकत थेट चर्चच्या भिंतीला येऊन टेकला. देऊळ जागचं इंचभर हललं नाही आणि तरी गावाबाहेरून गावाच्या मधोमध येऊन बसलं. गावाने त्याला 'घंटीचं देऊळ' असं नाव ठेवलं. बाजाराची सुरुवात, कचेरीची सुट्टी, कोणाच्या घरचा मुहूर्त, सगळं त्या घंटेवर चाले.

चर्चला समोर लांब दगडी ओसरी होती, वर कौलं. खेड्यापाड्यांतून डोक्यावर पाट्या घेऊन आलेल्या बाया तिथे टेकत, आवारातल्या विहिरीचं पाणी पीत, लेकरांना पाजत आणि घेतलेला माल खांबाशी ठेवून पुन्हा बाजारात शिरत. सामान घंटीच्या देवळात ठेवलं म्हणजे घरीच ठेवलं. शिवाय त्या ओसरीवर बसणं म्हणजे कोणाच्या घरी जाणं नव्हे. त्यामुळे ज्यांना एकमेकींच्या घरी जाता येत नसे, त्याही तिथे शेजारी शेजारी बसत.

ही शेवटची गोष्ट कोकिळेइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

ती येळगावाकडची, शेतकऱ्याघरची. लग्न झालं तेव्हा उत्तमराव मिशनच्या शाळेत शिकून तिथेच मास्तर झाले होते. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोकिळेने आधी पोटभर रडून घेतलं. मग नवरा वाचायचा ते ऐकत बसली, मग स्वतःच अक्षरं लावायला शिकली आणि एका ईस्टरला बाप्तिस्म्यासाठी आपल्या पायांनी चालत पुढे गेली. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. जबरदस्ती चालेल अशी ती बाईच नव्हती.

माहेरच्या भावकीने मात्र दार लावून घेतलं. थोरला भाऊ कडूबा सगळ्यांसमोर बोलला, "तिच्या घरचं पानी आमाले चालनार नाई. अन् आमच्या घरी तिचं काई काम नाई." वडील हयात नव्हते. माय, गोजरबाई, गप्प बसली. ती मुळातच बोलण्यापेक्षा करून मोकळी होणारी बाई.

त्यानंतरच्याच एका रविवारी उपासना सुटली, कोकिळा ओसरीत आली, तर दुसऱ्या खांबाला पाठ लावून मिरच्यांची पाटी पुढ्यात घेऊन माय बसलेली!

"तू इथं काऊन आली व माय?"

"बाजार कराले आली. ऊन लागलं, बसली. साऱ्या बाया बसतात."

बस. तेव्हापासून गोजरबाईला दर रविवारी ऊन लागायला लागलं. पावसाळ्यातसुद्धा लागायचं.

कडूबाला हे माहीत नव्हतं असं नाही. तो आपली बैलबंडी चौकाच्या अलीकडेच सोडी आणि बैलबाजाराकडे तोंड करून उभा राही. माय बाजार करते, एवढंच त्याला ठाऊक असायचं होतं. डोळ्यांनी पाहिलं असतं तर भावकीपुढे काहीतरी म्हणावं लागलं असतं. म्हणून तो पाहतच नसे.

तर अशी ती ओसरी. भाच्याला दात आले ते कोकिळेला तिथे कळलं, काकू गेली ते तिथे कळलं. तिच्या पहिल्या बाळंतपणातला डिंकाचा लाडू तिथेच तिच्या पदरात पडला. माय तिची वेणी सोडून पुन्हा घाली आणि म्हणे, "मास्तरीन झाली, पन भांग काई सरळ पाडता येत नाई तुले." आठवडाभराचं माहेर ती तेवढ्या वेळात भोगून घेई.

आणि तीच ओसरी जायची वेळ आली.

चर्चच्या पंचकमिटीचे मुख्य महादेवराव. कचेरीत नाझर म्हणून नोकरी करून पेन्शनीत गेलेले, विधुर, मनाने निर्मळ, पण बोलणं कडक इस्त्रीचं. त्यांनी टेकडीवर नवं घर बांधलं आणि त्यांच्या मनात आलं, देऊळही तिथेच न्यावं. मिशनची तिथे जागा होती. इकडची जागा घ्यायला कापडाचे एक व्यापारी टपलेच होते. त्यांना तिथे दुकानांची चाळ काढायची होती.

"देवाचं घर शांत जागी पाहिजे," महादेवराव म्हणत. "इथे प्रार्थना कुठली, आणि बोंबाबोंब कुठली, कळतं का काही?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात मोठ्या तळमळीने विचारलं, "बंधूंनो, आपण देवाजवळ काय मागतो?" आणि ते क्षणभर थांबले, तर बाहेरून खणखणीत उत्तर आलं, "दोन शेर कांदे!" बायांच्या बाजूला सगळ्यांत आधी हसली ती कोकिळाच, आणि सगळ्यांत जास्त वेळ डोकं खाली घालून बसावं लागलं तेही तिलाच.

कापणीचा सण झाला की त्याच संध्याकाळी पंच बसणार आणि पक्कं करणार, असं ठरलं. कोकिळेने त्या रात्री मास्तरांचं ताट वाढलं आणि समोरच बसली.

"देऊळ टेकडीवर गेलं, तर माय टेकडी चढंन काय?"

उत्तमराव घास घेता घेता थांबले. "टेकडीवर बाजार नाही भरत. तिथे यायला त्यांना कारण नाही."

"तेच म्हनून राह्यली मी. तुमी कमिटीत बोला ना."

"बोललो. मी आणि आणखी एक जण एकीकडे, बाकीचे एकीकडे."

"अन् बायांचं मत?"

"घेत नाहीत."

"देवाचं?"

मास्तर हसले. "त्यालाही कमिटीत घेतलेलं नाही."

ती उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिने देवाजवळ पुष्कळ काही मागितलं असतं, पण त्या दिवशी एवढंच मागितलं की, बाबा, ऊन लागायला जागा ठेव.

कापणीचा सण म्हणजे चर्चच्या मंडळीचा सगळ्यांत गजबजीचा दिवस. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, शेतात ज्वारी पिवळी पडलेली. देवळाच्या दारांना कणसांसकट ज्वारीची ताटं बांधत. पुढच्या बाकावर भोपळे, तुरीच्या हिरव्या शेंगा, कपाशीची फुटलेली बोंडं, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एखादा कोंबडा, असा सगळा अर्पणाचा माल मांडत. कोंबडा नेमका प्रार्थनेच्या वेळी आरवे. उपासना सुटली की आवारात त्या मालाचा लिलाव होई. बोली पैशांत नसे, ज्वारीच्या पायल्यांत असे. ती ज्वारी मिशनच्या बोर्डिंगातल्या लेकरांच्या पोटात जाई.

लिलावाच्या शेवटी निघे 'झाकलं गाठोडं'. त्याची गोष्ट जुनी. दुष्काळाच्या एका वर्षी कोणी एक विधवा मूठभर नाचणीसारखी दिसणारी कसली तरी रानातली बी घेऊन आली होती. तिने पुढे ठेवलं आणि मागून कोणीतरी हसलं. त्या वर्षीच्या पाळकांनी ते दाणे फडक्यात बांधले, गाठ मारली आणि म्हणाले, आता बोला बोली. तेव्हापासून दर वर्षी शेवटचं एक गाठोडं बांधलेलंच विकलं जाई. घेणाऱ्याने ते घरी न्यायचं, प्रार्थना करायची आणि मगच सोडायचं. आत काय निघालं ते कोणी कोणाला सांगायचं नाही. देणारीची लाज झाकलेली राहावी म्हणून.

ते गाठोडं बांधायचा मान दर वर्षी एकेका बाईकडे येई. त्या वर्षी कोकिळेकडे आला. तिने ज्वारीच्या लाह्या घेतल्या, मूगवड्या घेतल्या, बोरकूट घेतलं आणि बांधायला काय घ्यावं म्हणून पेटी उघडली, तर हाताला जांभळ्या लुगड्याचा तुकडा लागला. मायचं लुगडं. गोजरबाईने ते मधोमध फाडून अर्धं तिला दिलं होतं. "पुरं देल्लं तर सुना इचारतीन, कुठं गेलं म्हनून," ती म्हणाली होती. "अर्धं फाटलं म्हनून सांगता येते." कोकिळेने त्यातच गाठोडं बांधलं. देवाला द्यायचं तर आपलं आवडतं द्यावं.

आता सणाचा रविवार. उपासना सुटते न सुटते तोच गोजरबाई लगबगीने ओसरीत आली. चेहरा असा की कोणी पन्नास कोसांवरून ओळखावं, हिच्या घरी कार्य आहे.

"व कोकिळा, पाह्य, पाह्य लवकर!" तिने काखेतलं गाठोडं सोडलं. कडूबाच्या लेकीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी हळद. आत पिवळं लुगडं, हळकुंडं, शकूर मनियाराकडचा हिरवा चुडा आणि सगळ्यांच्या वर, जुन्या कागदात गुंडाळलेलं बाशिंग. बेगड असं चमकलं की शेजारच्या भाजीवाल्या बायांनी माना लांब केल्या.

"माय व माय! केवढं गोड!" कोकिळेने बाशिंग कपाळाजवळ धरून पाहिलं, चुड्यातली एक बांगडी मनगटाला लावून पाहिली आणि परत ठेवली. भाचीच्या लग्नाला आपल्याला कोणी बोलावणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून जेवढं पाहता येईल तेवढं ती डोळे मोठे करून पाहत होती. मग तिनेच सगळं नीट रचलं आणि घट्ट गाठ मारली.

"इथंच ठेवते," गोजरबाई म्हणाली. "गूळ घ्याचा राह्यला. ध्यान ठेवजो."

तिने गाठोडं दुसऱ्या खांबामागे सारलं आणि ती बाजारात शिरली. त्याच खांबामागे कोकिळेचं गाठोडं होतं. एकाच लुगड्याचे दोन तुकडे, एकाच हाताची गाठ.

आवारात लिलाव रंगला होता. लिलाव पुकारायचे उकंडराव. मंडळीत येण्याआधी ते गावोगाव दवंडी देत. आवाज अजून तोच होता.

"भोपळा! भोपळा बोला! पाटलाच्या पोटाएवढा भोपळा! दोन पायल्या? अवो बाई, दोन पायल्यांत याचं देठ येईन फक्त! तीन? तीन कोन म्हनलं? तुमी? तुमच्या घरी तर खानारे दोघंच, भोपळ्यात संसार कराचा हाय काय?"

मंडळी हसत होती. भिंतीपलीकडून बाजारही हसत होता. निंबाच्या झाडाखाली बांगड्या मांडून बसलेला शकूर मान उंच करून म्हणाला, "उकंडराव, वो मुर्गा मेरे नाम पे बोलो ना!"

"तू आधी बाप्तिस्मा घे, मग कोंबडा घे."

"इतना महंगा मुर्गा नक्को रे बाबा!"

मग उकंडरावांनी हात वर केला. "आता शेवटचं! झाकलं गाठोडं! आना व, कोन आनते?"

कोकिळा ओसरीकडे वळली आणि त्याच वेळी महादेवराव खुर्चीतून उठले. "उकंडराव, बोली माझी. एक मण. या जागेवरचा हा शेवटचा सण. तेव्हा इथलं शेवटचं गाठोडं माझ्या घरी जाऊ दे."

माणूस ते प्रेमाने बोलला. त्याने त्या देवळात आपलं लग्न लावलं होतं, त्या देवळातून आपली बायको शेवटची नेली होती. पण कोकिळेच्या कानात 'शेवटचा' हा एकच शब्द घुमला. तिचे डोळे भरले. भरल्या डोळ्यांनी ती खांबामागे वाकली, गाठ धरली, गाठोडं उचललं. हाताला जरा जड लागलं, पण तेव्हा लाह्या आणि लुगडं यांतला फरक कळायची तिची शुद्ध नव्हती. ती तशीच आली आणि गाठोडं उकंडरावांच्या हातात देऊन मागे सरली.

"एक मण एक! एक मण दोन! महादेवरावांच्या वर कोनी हाय? नाई? एक मण तीन!"

महादेवरावांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, आपल्या बैलांच्या दमणीत बसले आणि टेकडीकडे निघून गेले. घरी प्रार्थना करायची, गाठोडं सोडायचं आणि दिवेलागणीला कमिटीला परत यायचं, असा त्यांचा बेत.

सावल्या लांबल्या तेव्हा गोजरबाई गुळाची ढेप घेऊन आली.

"चाल व, आता मी निंघते. कडूबा बैल जुंपून राह्यला. माह्यं गाठोडं दे."

"ते काय, तिथंच."

गोजरबाईने गाठोडं उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग मटकन बसून गाठ सोडली. लाह्या ओसरीभर उधळल्या.

"हे काय व?"

कोकिळेने वाकून पाहिलं. मूगवड्या. बोरकूट. तिच्याच हातच्या.

"माय, ते बाशिंग..."

"कुठं हाय?"

"टेकडीवर गेलं. लिलावात गेलं, माय. म्या देल्लं, म्या ह्या हातानं देल्लं!"

गोजरबाई खांबाला धरून उभी राहिली. "उद्या हळद हाय. कडूबानं इचारलं, कुठं ठेवलं होतं? तर काय सांगू? भावकी म्हनंन, नवरीचं बाशिंग म्हातारीनं घंटीच्या देवळात देल्लं. मंग तो मले पुन्हा बाजारालेच येऊ देनार नाई."

कोकिळेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मास्तर बोर्डिंगाकडे ज्वारी मोजून घ्यायला गेले होते. टेकडीपर्यंत धावत जावं तर परतेपर्यंत अंधार. कडूबाची बंडी तोवर थांबणार नाही. तिची नजर फिरली आणि घंटेच्या दोरावर येऊन थांबली.

घंटेला बाईने कधी हात लावलेला नव्हता. वेळ सोडून ती घंटा आजवर एकदाच वाजली होती, सरकीच्या गोदामाला आग लागली तेव्हा. कोकिळेने हे सगळं आठवलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदर खोचला, दोर धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. टण्! पहिल्या ठोक्यालाच कौलांवरची पाखरं उडाली. टण्! टण्! टण्! ती ओढत होती आणि ओरडत होती, "देवा, फिरव त्यांले! फिरव!"

बाजार एका क्षणात उभा राहिला. आणि दुसऱ्या क्षणात धावला. भाजीवाल्या बाया हंडे घेऊन धावल्या, चहावाला उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन धावला. शकूर मनियार ओलं पोतं डोक्यावर घेऊन भिंतीवरून उडी मारून आत पडला. कचेरीतले दोन चपराशी आपल्या पट्ट्यांसकट आले. बैलबाजारातून माणसांचा लोंढा आला आणि त्या लोंढ्यात सगळ्यांच्या पुढे, बैलांच्या पाण्याची बादली हातात घेऊन, धोतराचा काचा मारलेला कडूबा होता. तो फाटकातून आत आला, आवार ओलांडलं आणि पायरीशीच थबकला. त्याला एकाएकी कळलं, आपण कुठे आलो ते.

"आग कुठं हाय?" "कहाँ लगी?" "कोनाचं घर?"

कोकिळेने दोर सोडला. हाताची कातडी लाल झाली होती. "आग नाई," ती धापा टाकत म्हणाली. "बाशिंग गेलं."

मग मागून कोणीतरी विचारलं, "कोनाचं?" आणि सगळा बाजार असा हसला, की हसू आवरता आवरेना. चहावाल्याने पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, चहा टाकू काय मग?

त्या हसण्यातच दमणीच्या घुंगरांचा आवाज आला. महादेवराव येत होते. दमणी थांबायच्या आधीच ते खाली उतरले. एका हातात जांभळं गाठोडं, दुसऱ्या हातात बाशिंग, आणि चेहरा संतापाने लालबुंद.

"ही थट्टा कोणी केली?" ते ओरडले. "मी प्रार्थना केली, गाठोडं सोडलं, आणि आत हे! बाशिंग! चुडा! साठीच्या विधुर माणसाला! देऊळ हलवतो म्हणून माझी वरात काढता होय? समोर बोलायचं होतं!"

हसावं की पळावं, कोणाला सुचेना. उकंडरावांनी पुढे होऊन हात जोडले. "साहेब, थट्टा नाई. चुकामूक झाली. तुमाले बोलवासाठीच तर घंटी वाजवली. ते ऐकूनच आले ना तुमी?"

"घंटा? कसली घंटा?"

"आत्ता वाजली ते. सारं गाव धावत आलं."

"मला नाही ऐकू आली."

"नाई आली?" उकंडरावांनी टेकडीकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "तिकडं नाईच येत म्हना ऐकू."

महादेवरावांनीही पाहिलं. हंडे, पोती, पातेलं, बादल्या. फाटकाबाहेरपर्यंत माणसं. त्यांतली कितीतरी कधी देवळाची पायरी चढली नसतील.

शकूर पोतं टाकून जवळ आला. "ये चुडा तो मेरे दुकान का है. आज सुबह इच दिया मैंने, वो अपनी..." त्याची नजर गोजरबाईकडे गेली, मग कडूबाकडे गेली, आणि त्याने जीभ चावली. "याद नहीं आरा किसको दिया."

"कोणाचं आहे हे?" महादेवरावांनी विचारलं.

कोकिळेने भावाकडे पाहिलं. कडूबाच्या हातात बादली तशीच होती. तिने ठरवून टाकलं. खोटं बोलायचं पाप आपण देवाजवळ फेडू, पण माय तुटायला नको. "माझं," ती म्हणाली. "माझ्याच..."

"तिचं नाई!"

गोजरबाई पायरी उतरून खाली आली. इतकी माणसं पाहून तिने पदर सावरला, पण आवाज काही खाली केला नाही. "ते माह्यं गाठोडं हाय. बाशिंग माह्या नातीचं. अन् हे माही पोरगी हाय, कोकिळा. दर ऐतवारी मी इथंच बसते, तिच्यापाशी. आता ज्याले जे म्हनाचं असंन ते म्हना."

सगळ्यांच्या नजरा कडूबावर. येळगावाकडची दोनचार माणसं गर्दीत होती, तीही त्याच्याकडेच पाहत होती. कडूबाने बादली सावकाश खाली ठेवली. पाठ ताठ केली, मान इकडून तिकडे वळवून पाहिली.

"मले काय नवीन सांगून राह्यली तू?" तो मायला म्हणाला. "इतके वर्सं झाले, दर ऐतवारी बैलाईकडं तोंड करून उभा राह्यतो. मान अखडली माही!"

कोकिळा हसली आणि त्याच वेळी रडली. कडूबाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो महादेवरावांकडे वळला.

"साहेब, एक इचारू काय?"

"विचारा."

"हे देऊळ तुमी टेकडीवर नेऊन राह्यले म्हनतात. मंग मायले मी कुठं उतरवू?"

महादेवरावांनी बाशिंग कागदात परत गुंडाळलं, बेगड दुमडणार नाही अशा बेताने गाठोड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी गोजरबाईपुढे धरलं. कोकिळेने सांडलेल्या लाह्यांतल्या उरल्या तेवढ्या गोळा केल्या, वड्या वर ठेवल्या, गाठ मारली आणि आपलं गाठोडं त्यांना दिलं.

"मी पाहिलं नाही आत काय आहे ते," ते हळूच म्हणाले. "घरी जाऊनच सोडीन." आणि मग, ज्या ओसरीवर बाजाराच्या दिवशी ते कधी टेकले नव्हते, तिच्या पायरीवर ते बसले. एका भाजीवालीने लोटाभर पाणी पुढे केलं. ते प्याले.

दिवेलागणीला पंच बसले. उत्तमराव घरी आले तेव्हा कोकिळा दारातच उभी होती.

"काय झालं?"

"फार बोलणं झालं नाही. महादेवराव उठले, म्हणाले, टेकडीवर घंटा ऐकू येत नाही. आणि बसले."

"अन्?"

"अन् काय? बाकीच्यांनाही ते ऐकू आलं." मास्तरांनी टोपी काढली. "उपदेशाच्या वेळी फाटकाजवळ कांदे विकायचे नाहीत, एवढा ठराव झाला. बटण लावून देशील का आता?"

टेकडीवरच्या जागेत पुढे बोर्डिंगाच्या लेकरांसाठी खोल्या झाल्या. देऊळ हललं नाही. त्याच्या भोवती कापडाची दुकानं झाली, मोटारींचा तळ वाढला, दिव्याचे खांब आले. कांद्यांचा ठराव कोणी पाळला नाही.

हळदीला कोकिळेला आवतन आलं नाही. भावकी होतीच, ती काही एका घंटेने वितळत नाही. लग्नाच्या दिवशी तिने घरीच पुरण घातलं, प्रार्थना केली आणि भाचीच्या नावाने शेजारणींना जेवू घातलं.

पण लग्नानंतरच्या रविवारी उपासना सुटून ती ओसरीत आली, तर कडूबाची बंडी चौकाच्या अलीकडे नव्हती. ती थेट फाटकाला लागलेली होती. माय उतरली आणि मायमागून हिरव्या चुड्याची नवी नवरी उतरली. तिने ओसरीत येऊन आत्याच्या पायांना हात लावला. कोकिळेने तिला उठवलं, चुड्यातली तीच बांगडी ओळखली आणि तिची वेणीच सोडून पुन्हा घालायला घेतली.

कडूबा बंडीपाशीच उभा होता. तोंड देवळाकडे. मग तो विहिरीपाशी आला, ओंजळ केली आणि इकडे तिकडे पाहत राहिला. कोकिळेने घागर उचलून त्याच्या ओंजळीत धार धरली.

"हे देवळाचं पानी हाय," तो प्यायच्या आधी मोठ्याने म्हणाला, येळगावच्या माणसांना ऐकू जाईल असं. "तुह्या घरचं नाई."

"नाई तर काय," कोकिळा म्हणाली, आणि घागर रिकामी होईपर्यंत तिने धार सोडली नाही.